अजीर्णापासून अंतर्दर्शनापर्यंत : जुनाट अपचनाच्या कारणशोधाचा इतिहास आणि दापोडे (भिवंडी) परिसर

प्रस्तावना

मुंबई-नाशिक महामार्गावरील माणकोली नाक्यावरून आत वळल्यावर दापोडे गावाचा परिसर सुरू होतो. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुका मूळचा भातशेतीचा. पुढे यंत्रमागांचा झाला आणि गेल्या काही दशकांत गोदामांचा. दापोडे हे या शेवटच्या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण होय. मुंबईच्या हाताशी, परंतु मुंबई महानगरपालिकेच्या जकातीच्या हद्दीबाहेर, या भौगोलिक सोयीमुळे येथे मालसाठवणुकीचा व्यवसाय वाढला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकात संपुष्टात आली. गोदामे मात्र राहिली. त्यांच्याबरोबर राहिला तो माल चढवणारा-उतरवणारा हमाल, गाडीचालक, पहारेकरी आणि माल बांधणारा कामगार. शहरांमध्ये अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी प्रवेशबंदी असते. त्यामुळे यांपैकी अनेकांचे काम रात्री चालते आणि जेवणाची वेळ गाडीच्या वेळेवर ठरते.

अशा श्रमिक वस्तीत पोटाची तक्रार तीन शब्दांत सांगितली जाते : ‘पित्त’, ‘ॲसिडिटी’ आणि ‘गॅस’. हे तीन शब्द एकाच दुखण्याची तीन नावे आहेत असे वरकरणी वाटते. वस्तुतः ते तीन वेगवेगळ्या काळांतून आलेले आहेत. ‘पित्त’ आयुर्वेदाच्या त्रिदोषविचारातून आले, ‘ॲसिडिटी’ जठररसाच्या रासायनिक अभ्यासातून आली, तर ‘गॅस’ हा औषधाच्या दुकानातील गोळीबरोबर रूढ झालेला शब्द आहे. चौथा शब्द अलीकडचा : ‘दुर्बीण’. “दुर्बीण टाकून बघा” हा सल्ला आता खेड्यातील रुग्णालाही अपरिचित राहिलेला नाही. ही दुर्बीण म्हणजे अंतर्दर्शक, आणि तिच्या साहाय्याने केलेली तपासणी म्हणजे एंडोस्कोपी.

जुनाट अपचनाचे कारण शोधण्याच्या प्रयत्नांत या उपकरणाने नेमके काय बदलले, आणि काय बदलू शकले नाही, याचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. जुनाट अपचन म्हणजे पोटाच्या वरच्या भागात वारंवार होणारी वेदना किंवा जळजळ, थोड्याच घासांनी पोट भरल्यासारखे वाटणे आणि जेवणानंतर दीर्घकाळ टिकणारा जडपणा. वैद्यकाच्या इतिहासात या तक्रारींची कारणे कधी अनुमानाने ठरवली गेली, कधी डोळ्यांनी पाहून. या दोहोंचे नाते सरळ रेषेत पुढे गेलेले नाही, ही बाब या इतिहासात विशेष लक्षणीय आहे.

अनुमानाचा काळ

आयुर्वेदात पचनाचा विचार ‘अग्नी’ या संकल्पनेभोवती गुंफलेला आहे. सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद असे जठराग्नीचे चार प्रकार सांगितले असून ग्रहणी हे अग्नीचे अधिष्ठान मानले आहे. माधवनिदानात अजीर्णाचे आम, विदग्ध, विष्टब्ध आणि रसशेष असे भेद येतात. पहिले तीन अनुक्रमे कफ, पित्त आणि वात यांच्याशी निगडित आहेत. आंबट-करपट ढेकर, छातीत दाह, तहान ही विदग्धाजीर्णाची लक्षणे आजच्या ‘ॲसिडिटी’च्या रुग्णाच्या तोंडच्या वर्णनाशी जुळतात. अम्लपित्ताला काश्यपसंहितेत आणि पुढे माधवनिदानात स्वतंत्र व्याधीचे स्थान मिळाले.

येथे वर्गीकरणापेक्षा कारणांची यादी अधिक महत्त्वाची आहे. सुश्रुतसंहितेत व माधवनिदानात अजीर्णाची जी कारणे दिली आहेत, त्यांत अति जलपान, अवेळी व कमी-अधिक जेवणे म्हणजे विषमाशन, मलमूत्रादी वेगांचा अवरोध आणि स्वप्नविपर्यय, म्हणजे झोपेच्या वेळांची उलथापालथ, यांचा समावेश आहे. ईर्ष्या, भय, क्रोध, लोभ आणि दैन्य यांनी ग्रासलेल्या मनुष्याचे अन्न नीट पचत नाही, असेही सांगितले आहे. ही यादी दापोड्याच्या गोदामात रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला वाचून दाखवली, तर तिच्यात त्याला आपल्या दिनक्रमाचेच वर्णन आढळेल.

या पद्धतीची मर्यादाही तितकीच उघड होती. वैद्य जिव्हा पाहत असे, नाडी पाहत असे, रुग्णाला विचारत असे. जठर मात्र त्याच्या दृष्टीपलीकडे होते. जठरातील व्रण, जठराचा कर्करोग आणि केवळ मंदावलेली पचनक्रिया यांची आरंभीची लक्षणे एकसारखी असू शकतात. ती वेगळी ओळखण्याचे साधन जगातील कोणत्याही वैद्यकाकडे तेव्हा नव्हते. पाश्चात्त्य वैद्यकातही अपचन हे अनुमानाचेच क्षेत्र होते. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, त्या वेळी तेथील विद्यार्थ्यालाही जिवंत माणसाचे जठर आतून पाहण्याची सोय उपलब्ध नव्हती.

पोटाला पडलेली खिडकी

जिवंत जठर प्रथम सविस्तर पाहिले गेले ते उपकरणाने नव्हे, अपघाताने. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीची गोळी लागली. तो फर व्यापारातील मजूर होता. तो वाचला, परंतु त्याच्या पोटाचे छिद्र पूर्ण बुजले नाही. लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट यांनी त्या छिद्रातून अन्नाचे तुकडे दोऱ्याला बांधून आत सोडले, जठररस बाहेर काढला आणि अनेक वर्षे निरीक्षणे नोंदवून १८३३ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पचन ही रासायनिक क्रिया आहे, हे त्यातून ठामपणे पुढे आले. सेंट मार्टिन चिडला वा घाबरला की जठराच्या अस्तरात व स्रावात फरक पडतो, अशीही नोंद बोमाँट यांनी केली. भय आणि क्रोध पुन्हा एकदा नोंदवहीत आले, पण या वेळी डोळ्यांनी पाहून. या प्रयोगांसाठी एका गरीब मजुराचे शरीर वर्षानुवर्षे वापरले गेले, याकडे वैद्यकाच्या इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिले आहे. तरी ती बाब येथेही विसरता येत नाही.

उपकरणाचा आरंभ जर्मनीत झाला. फिलिप बोझिनी यांनी १८०६ च्या सुमारास मेणबत्तीच्या प्रकाशावर चालणारे शरीराच्या पोकळ्या पाहण्याचे साधन तयार केले. परंतु जठरापर्यंत पोहोचण्याची त्याची क्षमता नव्हती. फ्रायबर्ग येथील अडॉल्फ कुसमाउल यांनी १८६८ मध्ये एका तलवार गिळणाऱ्या कलावंताच्या घशातून ताठ धातूची नळी जठरापर्यंत उतरवून दाखवली. तोंड, घसा आणि अन्ननलिका एका सरळ रेषेत आणता येतात हे त्या कलावंताच्या सरावामुळे सिद्ध झाले. प्रकाश मात्र अपुरा पडला. तलवार गिळण्याचा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या रंगमंचावर गाजवला तो भारतातून गेलेल्या जादूगारांनी. आपल्याकडे जत्रेत पोट भरण्यासाठी केली जाणारी ही कला युरोपात जठरदर्शनाच्या वाटेवरील एक पायरी ठरली, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे.

ताठ नळी सामान्य रुग्णासाठी धोक्याची होती; अन्ननलिकेला भोक पडण्याचे भय असे. १९३२ मध्ये रुडॉल्फ शिंडलर यांनी उपकरण-निर्माते जॉर्ज वुल्फ यांच्या सहकार्याने अर्धलवचिक जठरदर्शक तयार केला. त्याच्या खालच्या भागात अनेक भिंगांची मालिका असल्याने तो काही अंशी वाकू शकत असे. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवून, त्याचे डोके साहाय्यकाने विशिष्ट कोनात धरून ही तपासणी करावी लागे. नाझी राजवटीत अटक भोगल्यानंतर शिंडलर १९३४ मध्ये अमेरिकेत गेले आणि जठरदर्शनाचे केंद्र त्यांच्याबरोबर शिकागोला हलले. तथापि या साधनानेही जठराचे काही कोपरे अंधारातच राहत, आणि जेथे व्रण अधिक आढळतो तो लहान आतड्याचा आरंभीचा भाग दिसत नसे. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वत्र मुख्य भिस्त होती ती बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रावर, म्हणजे जठराच्या सावलीवर.

प्रकाशतंतूचे वळण

२ जानेवारी १९५४ च्या ‘नेचर’ या नियतकालिकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील हॅरल्ड हॉपकिन्स आणि त्यांचे विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी यांचा लवचिक काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेण्यासंबंधीचा लेख प्रसिद्ध झाला. कपानी मूळचे पंजाबातील मोगा येथील. भारत सरकारने २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. हा लेख अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात काम करणारे, मूळ दक्षिण आफ्रिकेचे जठररोगतज्ज्ञ बॅझिल हिर्शोविट्झ यांच्या वाचनात आला आणि त्यांनी लंडनला जाऊन या दोघांची भेट घेतली.

अडचण अशी होती की शेजारी शेजारी असलेल्या तंतूंमधून प्रकाश गळत असे व प्रतिमा पुसट होई. मिशिगनमध्ये भौतिकशास्त्र शिकणारा विद्यार्थी लॅरी कर्टिस याने डिसेंबर १९५६ मध्ये एका काचेच्या कांडीभोवती कमी वक्रीभवनांकाच्या काचेची नळी बसवून दोन्ही एकत्र तापवून ताणल्या. त्यातून आवरण असलेला तंतू मिळाला. १९५७ च्या आरंभी हिर्शोविट्झ यांनी हे नवे साधन प्रथम स्वतःच्या घशातून उतरवले आणि त्यानंतर काही दिवसांतच एका रुग्णावर त्याचा उपयोग केला. १९६१ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये जठर व लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या तपासणीचा वृत्तान्त दिला. जो व्रण तोवर केवळ सावलीवरून ओळखला जाई, तो आता लाल कडा आणि पांढरट तळासह प्रत्यक्ष दिसू लागला.

जपानमध्ये याच काळात वेगळी वाट चोखाळली गेली. तेथे जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते. टोकिओचे डॉक्टर आणि ऑलिंपस कंपनीचे तंत्रज्ञ यांनी १९५० मध्ये जठरात उतरवण्याचा लहानसा कॅमेरा तयार केला. पुढे तंतू आणि कॅमेरा यांचा संयोग झाला, नमुन्यासाठी अस्तराचा तुकडा घेणारा चिमटा नळीतून जाऊ लागला, आणि १९८३ मध्ये टोकावर प्रतिमा टिपणारी चकती बसवलेला व्हिडिओ अंतर्दर्शक आल्यावर आतील दृश्य पडद्यावर सर्वांना दिसू लागले. या सर्व सुधारणांत चिमट्याचे महत्त्व सर्वाधिक मानावे लागेल. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन व्रणांपैकी कोणता कर्करोगाचा आणि कोणता नव्हे, याचा निर्णय त्या तुकड्याच्या सूक्ष्मदर्शक तपासणीनेच होतो.

भारतात इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीची स्थापना १९६० मध्ये झाली. लवचिक अंतर्दर्शक मोठ्या शहरांतील अध्यापन-रुग्णालयांत रुळल्यानंतर १९७९ मध्ये अंतर्दर्शन करणाऱ्या तज्ज्ञांची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना अस्तित्वात आली. उपकरण महाग, परदेशी आणि नाजूक असल्याने त्याचा प्रसार महानगरातून जिल्ह्याकडे अतिशय संथ गतीने झाला.

मिरची, भात आणि मुंबई

अपचनाचा दोष तिखटाला देण्याची रीत महाराष्ट्रात घरोघरी आहे. मुंबईच्या संशोधकांनी हा समज तपासून पाहिला, आणि त्या तपासणीच्या पद्धतीतच अंतर्दर्शनपूर्व व अंतर्दर्शनोत्तर काळातील फरक स्पष्ट दिसतो. मुंबईतील एच. जी. देसाई, के. वेणुगोपालन आणि एफ. पी. अँटिया यांनी १९७३ मध्ये ‘गट’ या ब्रिटिश नियतकालिकात लाल तिखटाच्या परिणामावर लेख प्रसिद्ध केला. नाकातून वा तोंडातून नळी घालून जठरातील द्रव ओढून घ्यायचा आणि त्यातील डीएनएचे प्रमाण मोजायचे, अशी पद्धत होती. अस्तराच्या पेशी जितक्या अधिक झडतील तितका डीएनए अधिक. तिखट दिल्यानंतर हे प्रमाण वाढलेले आढळले. अर्थात मिरची जठराचे अस्तर झडवते, हे अनुमान होते. अत्यंत कल्पक, पण अनुमानच.

अकरा वर्षांनी, १९८४ मध्ये, दिल्लीच्या एन. कुमार व सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न अंतर्दर्शकाने विचारला. लहान आतड्याच्या पहिल्या भागात व्रण असलेल्या ५० रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना आम्लनाशक औषध दिले आणि एका गटाच्या जेवणात दररोज ३ ग्रॅम मिरचीपूड वाढवली. चार आठवड्यांनी पुन्हा आत पाहिले तेव्हा दोन्ही गटांत ८० टक्क्यांहून अधिक व्रण भरून आले होते. मिरचीने व्रण भरण्यात अडथळा आणला नव्हता. २००२ मध्ये तर इटलीतील संशोधकांनी, अंतर्दर्शनात काहीही न आढळलेल्या अपचनाच्या रुग्णांना पाच आठवडे लाल मिरचीची पूड दिली असता त्यांच्या तक्रारी कमी झाल्याचे नोंदवले. मिरची अस्तराला डिवचत नाही असा याचा अर्थ नव्हे. परंतु ठेच्यावर फोडलेले खापर पुराव्यासमोर टिकत नाही, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

दुसरा वाद भात आणि गहू यांचा. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेत असलेले एस. एल. मल्होत्रा यांनी १९६४ मध्ये भारतातील पचनज व्रणाच्या भौगोलिक विषमतेकडे लक्ष वेधले. रेल्वेचे कर्मचारी देशभर विखुरलेले, त्यांच्या आजारपणाच्या नोंदी एकाच सेवेत उपलब्ध; संशोधनाच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. भातखाऊ पूर्व व दक्षिण भागांत व्रण अधिक, गहू खाणाऱ्या पंजाबात अत्यल्प, असे त्यांचे निरीक्षण होते. पोळी अधिक चावावी लागते, लाळ अधिक मिसळते आणि तिचे संरक्षण जठराला मिळते, अशी त्यांची उपपत्ती होती. १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लहान तुलनात्मक अभ्यासात पाच वर्षांच्या काळात भात खाणाऱ्या रुग्णांपैकी ८१ टक्क्यांचा, तर गहू खाणाऱ्यांपैकी १४ टक्क्यांचाच व्रण उलटला, असे त्यांनी दाखवले. रुग्णसंख्या अल्प असल्याने हे आकडे जपूनच वापरले पाहिजेत. तथापि भिवंडी तालुक्यासारख्या ठिकाणी, जेथे स्थानिक आगरी कुटुंबांचे मुख्य अन्न भात आहे आणि उत्तरेतून आलेला यंत्रमाग कामगार पोळी-भाजीवर वाढलेला आहे, तेथे मल्होत्रांचा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे.

जंतूचा शोध आणि भारतीय कोडे

१९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना जठराच्या नमुन्यांत वळणदार जंतू दिसले. १९८१ पासून तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांच्याबरोबर काम करू लागले. पुढच्या वर्षी अंतर्दर्शनासाठी आलेल्या १०० रुग्णांचे नमुने त्यांनी तपासले. जंतू प्रयोगशाळेत वाढत नव्हता. ईस्टरच्या सुटीमुळे काही ताटल्या नेहमीपेक्षा अधिक दिवस उबवणपेटीत राहिल्या आणि त्यांत तो वाढलेला सापडला. जठराच्या आम्लात जंतू टिकूच शकत नाही, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य खोटे ठरले. १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतः त्या जंतूचे द्रावण प्राशन केले आणि त्यानंतरच्या अंतर्दर्शनात त्यांच्या जठराला दाह झाल्याचे दिसले. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्या जंतूचे नाव.

व्रणरोगाच्या उपचारात या शोधाने क्रांती केली. सिमेटिडीन १९७६ मध्ये आणि ओमेप्राझोल १९८०च्या दशकाच्या अखेरीस आले होते. त्यांनी आम्ल कमी होई, व्रण भरे, पण औषध थांबताच तो उलटत असे. जंतूचा नायनाट केल्यावर हे चक्र थांबले. पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी वर्षानुवर्षे दाखल होणारे रुग्ण दिसेनासे झाले.

भारतात मात्र एक कोडे उभे राहिले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हैदराबाद येथील अभ्यासात वीस वर्षांवरील सुमारे ८० टक्के लोकांना या जंतूची लागण झालेली आढळली. मुंबईतील अभ्यासांनीही लागण बालपणीच होते असे दाखवले. म्हणजे ज्यांचे पोट कधीच दुखले नाही, त्या बहुसंख्यांच्या जठरातही जंतू होता. भाताच्या आणि गव्हाच्या प्रदेशांत व्रणाचे प्रमाण वेगळे असूनही जंतूचा प्रसार दोन्हीकडे व्यापक होता. अशा समाजात अपचनाच्या रुग्णाचा नमुना घेतला आणि त्यात जंतू सापडला, तर कारण सापडले असे म्हणता येईल काय? पर्थमध्ये या प्रश्नाला जे वजन होते ते भिवंडीत नाही. व्रण असेल तर जंतूचा उपचार निःसंशय करावा. व्रण नसेल तर जंतू हा आरोपी आहे की केवळ शेजारी, याचा निवाडा अहवालाच्या कागदावर होत नाही.

निरोगी दिसणारे जठर

अंतर्दर्शनाच्या इतिहासातील सर्वांत अवघड शोध म्हणजे काहीही न सापडणे. जगभरच्या अभ्यासांचा निष्कर्ष असा की जुनाट अपचनाच्या १० रुग्णांपैकी ७ ते ८ जणांच्या अंतर्दर्शनात व्रण, कर्करोग वा अन्ननलिकेचा ठळक दाह यांपैकी काहीही दिसत नाही. या स्थितीला ‘क्रियात्मक अपचन’ असे नाव मिळाले. रोमला भरलेल्या तज्ज्ञमंडळींनी तिचे निकष ठरवले व १९९९, २००६ आणि २०१६ मध्ये ते सुधारले. जठराचे शिथिल न होणे, अन्न उशिरा पुढे सरकणे, आतड्याच्या मज्जातंतूंची वाढलेली संवेदनशीलता, एखाद्या जंतुसंसर्गानंतर उरलेला सूक्ष्म दाह आणि मनाचा ताण ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. यांपैकी बहुतेक गोष्टी नळीतून दिसत नाहीत. झोपेची उलथापालथ, अवेळी जेवण, भय आणि दैन्य ही जुन्या यादीतील कारणे शंभर वर्षे पाठ्यपुस्तकाच्या तळटिपेत गेली होती. नळीने जठर स्वच्छ असल्याचे सांगितल्यावर ती पुन्हा मुख्य मजकुरात आली.

या तक्रारी किती व्यापक आहेत? एस. एस. शाह, एस. जे. भाटिया आणि एफ. पी. मिस्त्री यांनी मुंबईच्या सर्वसाधारण लोकसंख्येत केलेल्या व २००१ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ३० टक्के प्रौढांनी अपचनाच्या तक्रारी सांगितल्या, त्यांपैकी लक्षणीय स्वरूपाच्या तक्रारी सुमारे १२ टक्क्यांच्या होत्या. दहातील तीन माणसांच्या घशातून नळी उतरवणे कोणत्याही सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेला शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही.

गरज आहे ती निवडीची. वजन घटणे, गिळताना अडणे, वारंवार उलट्या, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्तक्षय, पोटात गाठ लागणे, घरात जठराच्या कर्करोगाचा इतिहास आणि उतारवयात प्रथमच सुरू झालेली तक्रार ही धोक्याची लक्षणे मानली आहेत. त्यांपैकी एक जरी असले तरी अंतर्दर्शन टाळणे ही चूक ठरते. वयाची मर्यादा अमेरिकेतील तज्ज्ञसंस्थांनी २००५ मध्ये ५५ ठेवली होती; २०१७ मध्ये अमेरिका व कॅनडाच्या संयुक्त मार्गदर्शिकेत ती ६० झाली. या मर्यादा त्या देशांतील कर्करोगाच्या वयोमानावर बेतलेल्या आहेत. त्या भारतात तशाच उतरवून घेणे योग्य नव्हे. तरुण आणि लक्षणांनी निर्धोक रुग्णात जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची चाचणी, काही आठवड्यांचे औषध आणि दिनक्रमाची चौकशी पुरते.

नळीला न दिसणाऱ्या आणखी काही गोष्टी आहेत आणि त्यांची चर्चा फारच कमी होते. पित्ताशयातील खडे नळीला दिसत नाहीत. त्यासाठी सोनोग्राफी लागते. हृदयविकाराचा झटका काही वेळा पोटाच्या वरच्या भागातील अस्वस्थतेच्या रूपाने येतो. ‘गॅस’ समजून सोडा पिऊन झोपलेल्या माणसाला अंतर्दर्शनाची नव्हे, तातडीने हृदयाच्या आलेखाची गरज असते.

दापोड्याच्या दृष्टीने

हमालाचे अंग दुखते. दुखण्यावर तो औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी घेतो. ही गोळी जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करते आणि तिच्यामुळे व्रण होऊ शकतो. मग पोटात जळजळते. त्यावर तो आम्ल कमी करणारी दुसरी गोळी घेतो. दोन्ही गोळ्या सुट्या मिळतात, चिठ्ठी लागत नाही, मजुरी बुडत नाही. तंबाखू आणि रात्री जागे राहण्यासाठी घेतलेला रिकाम्या पोटीचा चहा यांची त्यात भर पडते. या रुग्णाच्या अपचनाचे कारण शोधण्याची पहिली पायरी दुर्बीण नसून एक प्रश्न आहे : “अंगदुखीची गोळी किती दिवस घेता?” हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट पुरतो, तो क्वचितच विचारला जातो.

याच्या उलट चूक अधिक घातक आहे. आम्लरोधक गोळीने जठराच्या कर्करोगातील व्रणाच्या वेदनाही काही काळ शमतात. ‘पित्त बसले’ असे समजून महिने निघून जातात, वजन उतरत जाते, त्याचे कारण कष्ट आणि उपासमार यांत शोधले जाते. श्रमिक वस्तीत माणूस बारीक होणे ही बातमी ठरत नाही. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा १९६९ चा. त्याने हमालाला नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी आणि वैद्यकीय साहाय्याची चौकट दिली. परंतु गोदामातील प्रत्येक कामगार माथाडी मंडळात नोंदलेला नसतो. कंत्राटदारामार्फत आलेल्या, सहा महिन्यांत गावी परतणाऱ्या कामगाराची वजनाची जुनी नोंद कोणाकडेही नसते. ‘वजन घटले का’ या प्रश्नाचे उत्तर तो पँटच्या पट्ट्याच्या भोकावरून देतो, आणि चौकशी करणाऱ्याने ते ग्राह्य धरले पाहिजे.

अंतर्दर्शन हे गावातल्या दवाखान्याचे काम नव्हे. दापोड्याच्या रुग्णाची सरकारी वाट भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयातून ठाणे, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि तेथून मुंबईचे जे. जे., शीव, नायर वा के. ई. एम. अशी जाते. प्रत्यक्ष तपासणी पाच-दहा मिनिटांची असते : घशात बधिर करणारा फवारा, तोंडात प्लॅस्टिकचे कडे, डाव्या कुशीवर झोपणे आणि सुमारे एक मीटर लांबीची, करंगळीएवढ्या जाडीची नळी. वेळ लागतो तो त्यानंतर. प्रत्येक रुग्णानंतर नळी ब्रशने धुवून जंतुनाशक द्रावणात, बहुधा २ टक्के ग्लुटारअल्डिहाइडमध्ये, सुमारे २० मिनिटे बुडवून ठेवावी लागते. ज्या रुग्णालयात एकच नळी आहे तेथे सकाळभरात किती तपासण्या होतील याचा हिशेब डॉक्टरांच्या कौशल्यावर नव्हे, या द्रावणाच्या टबावर ठरतो. म्हणूनच धोक्याची लक्षणे असलेल्या रुग्णाला या रांगेत पुढे घेणे आणि निर्धोक रुग्णाला रांगेतच न पाठवणे, या दोन्ही गोष्टी पहिल्या चौकशीवर अवलंबून राहतात.

आणखी एक व्यावहारिक बाब. तपासणीपूर्वी सहा ते आठ तास पोट रिकामे असावे लागते आणि सार्वजनिक रुग्णालयांत ही तपासणी बहुधा सकाळी होते. दिवसपाळीच्या माणसासाठी ते सोयीचे आहे. रात्रीचे जेवण लवकर आटोपून तो सकाळी येऊ शकतो. रात्रपाळीच्या हमालाचे मुख्य जेवण मध्यरात्रीनंतर गाडी रिकामी झाल्यावर होते. तो पहाटे सुटतो, आंघोळ करून कळव्याला पोहोचतो, आणि ‘काल रात्री काय खाल्ले’ या प्रश्नाला खरे उत्तर देतो तेव्हा त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले जाते. तारखेच्या चिठ्ठीवर ‘उपाशी पोटी’ या दोन शब्दांऐवजी शेवटचा घास किती वाजेपर्यंत चालेल ती वेळ लिहिली, आणि ती चिठ्ठी देताना त्याची पाळी विचारली, तर त्याची दुसरी मजुरी वाचते.